मुंगसाचे अकरा डबे

३ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. वाईट बातमी नाही, आणि चांगलीही नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि घरून फोन केला तर आईला सगळंच ऐकू येतं, म्हणून दुकानात बसून लिहितेय. उत्तर दुकानाच्याच पत्त्यावर पाठव. घरात तुझं नाव काढायची अजून सोय नाही. तूच तिच्या लेकाला भटकायची चटक लावलीस आणि त्यापायीच तो गेला, हे तिचं ठरलेलं आहे. मी वाद घालणं सोडलंय.

तो जाऊन परवा चौदा महिने झाले. दर महिन्याला चौकीत जाते. तिथला माणूस आता मला बघितलं की फाइल न उघडताच मान हलवतो. सव्वीस वर्षांचा बाप्या आपल्या पायांनी गेला, त्याला कुठे शोधायचं, असं त्याचं म्हणणं. पुलाजवळ सायकल मिळाली होती, त्याबद्दल तो काही बोलत नाही. मीही विचारत नाही.

मागच्या रविवारी त्याचं टेबल आवरताना खणात एक वही मिळाली. वर लिहिलंय 'मुंगसाचे डबे'. मुंगूस हे नाव तूच ठेवलंस ना त्याला? दिसेल त्या बिळात हात घालतो म्हणून? आत आकड्यांच्या अकरा जोड्या आणि प्रत्येकीपुढे एकेक ओळ. 'बाकाखाली, डावा पाय.' 'पाटीच्या मागे, हात जपून.' म्हणजे आमच्या या गावात त्याने अकरा डबे लपवलेत, रोज मी त्यांच्यावरून दुकानात जाते, आणि मला एकही माहीत नाही. तुम्ही दोघं जेवताना डब्यांवर बोलायला लागलात की मी ताट उचलून उठायचे. आता त्याचा राग येतो, माझा मलाच.

मला ते सगळे बघायचेत. कसे शोधतात ते सांग. पहिलीतल्या पोरीला सांगतात तसं सांग, मला यातलं ओ की ठो कळत नाही.

आई बरी आहे, असं ती म्हणते. पोटात दुखतं. विचारलं की म्हणते जेवण पचलं नाही. जेवलेली नसतेच.

तुझी,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पाकीट तीन वेळा उलटसुलट केलं, चहा केला, तो थंड होऊ दिला आणि मग फोडलं. तुझ्या आईच्या रागाचं मला वाईट वाटत नाही. तिला कुणावर तरी रागवायला हवंच, आणि मी तीन तासांवर राहते, ते सोयीचं आहे.

आता डब्यांचं. नाव मोठं दणदणीत आहे, जिओकॅशिंग. मी आपलं डबे शोधणं म्हणते. कुणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे आकडे फोनवर सगळ्यांसाठी टाकतो. दुसरा जाऊन शोधतो, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितो आणि डबा होता तसा ठेवून येतो. संपलं. मिळत काही नाही. हे 'मिळत काही नाही' वहिनीला कधी पटलं नाही, आणि दादा असता तर त्यालाही पटलं नसतं.

फोनवर फार विसंबू नकोस. तो तुला जागेपर्यंत नेईल, पण शेवटची दहा पावलं त्याला कळत नाहीत. झाडं दाट असली किंवा जवळ उंच भिंत असली की त्याचा बाण येड्यासारखा फिरतो. तिथे फोन खिशात घाल आणि नुसती उभी राहा. मला लपवायचं असतं तर मी कुठे लपवलं असतं, एवढंच मनात आण. जे जरा जास्तच नीट दिसतं त्याच्यावर संशय घे. दगडावर दगड आपणहून कधी नीट बसत नाही. रेलिंगला एखादा बोल्ट असेल आणि तो कशालाच धरत नसेल, तर तो फिरवून बघ.

बिळात हात घालण्याआधी काठी घाल. मी तीस वर्षं घरोघर विजेची मीटरं वाचली, त्या पेट्यांमध्ये पाली, गांधीलमाश्या आणि एकदा तर कुणाच्या तरी कवळ्या मिळाल्या. आणि चोरासारखं इकडेतिकडे बघू नकोस. एका हातात कागद धर आणि कपाळाला आठ्या घाल. हातात कागद आणि कपाळाला आठ्या असल्या की माणसाला कुणी हटकत नाही. माझी अख्खी नोकरी त्यावर निभावली.

पेन नेऊ नकोस, पेन्सिल ने. शाईला ओल लागली की ती पसरते, पेन्सिलीचं वही भिजली तरी वाचता येतं. डब्यात बारीकसारीक वस्तू असतात, गोट्या, बटणं, असलं काही. हवं तर घे, पण तेवढ्याच मोलाचं दुसरं ठेव, आणि वहीत लिही: घेतलं काय, ठेवलं काय. मुंगूस ते फार काटेकोरपणे लिहायचा. आणि डबा नाही सापडला तर 'सापडला नाही' असं फोनवर सरळ लिहायचं. लाज वाटायचं कारण नाही, पुढच्या माणसाची पायपीट वाचते.

यादीतल्या अकराव्याच्या वाटेला जाऊ नकोस. पंपघरामागची ती भिंत ढासळली, डबा त्यातच गेला. उगाच लांबचा फेरा.

वहिनीला डॉक्टरकडे ने. ती आपणहून सांगणार नाही. हाताला धरून ने.

तुझी,
आत्या


२४ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

आत्या, तो आहे!

थांब, नीट क्रमाने लिहिते, नाहीतर तू म्हणशील पोरीचं डोकं फिरलं. पहिला डबा शोधायला मला एक तास लागला. वाचनालयाच्या पाटीमागे होता, गोळ्यांच्या बाटलीएवढा. चौकीदाराने येऊन विचारलं, काय चाललंय? मी कागद धरून आठ्या घातल्या आणि म्हटलं, पाटी सैल झालीय. तो बिचारा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. मग मला ती खरंच आवळून द्यावी लागली. दुसरा सापडला नाही, तसं लिहिलं. तिसऱ्यात मुंग्या होत्या. पेन्सिल मी चष्म्याच्या घरात घालून नेते. आमच्या चष्म्यांच्या दुकानात रिकाम्या घरांना तोटा नाही, माझं सगळं त्यातच असतं, सुया, गोळ्या, आता पेन्सिल.

चौथा बागेतल्या बाकाखाली. चुंबकाने डाव्या पायाला चिकटवलेला. आत कोरी करकरीत वही, आणि पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलंय: '११ जानेवारी. डबा पुसला. वही बदलली. मुंगूस.' गेल्या महिन्यातली तारीख, आत्या! सहाव्यात आणि नवव्यातही तेच, तीच तारीख. डबा पुसायला आणि वही बदलायला मालकाशिवाय दुसरं कोण येईल? तू असतीस तर तू तुझं नाव लिहिलं असतंस.

मी बाकावरच बसले. समोर एक बाई पिशवीतून भाजी निवडत होती, तिला मी उगाचच म्हटलं, माझा भाऊ आहे. तिने हं केलं.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती उठली आणि त्याच्या अंथरुणाची चादर धुवायला घेतली. चौदा महिन्यांत तिने त्या चादरीला हात लावू दिला नव्हता, त्याचा वास आहे म्हणायची. आता म्हणते, येईल तेव्हा स्वच्छ हवी. दोन दिवस ती नीट जेवली.

तो आमच्यावर रागावलाय आणि लपूनछपून येऊन डबे बघून जातो, असं आम्ही दोघींनी ठरवलंय. जाण्याआधी आई त्याला बोलली होती, गेलास तरी माझं काही अडत नाही. ते तिने मला परवा पहिल्यांदा सांगितलं.

तुला काय वाटतं? लवकर लिही.

तुझी,
भिंगरी


५ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू इतक्या लवकर इतके डबे शोधशील असं वाटलं नव्हतं.

जरा दमानं घे. वहीत नाव कुणीही लिहू शकतं. मी या नादात बारा वर्षं आहे, वह्यांमध्ये मी काय काय वाचलंय. लोक तारखा चुकवतात, न आलेल्या मित्राचं नाव लिहितात, एका बाईने तर आपल्या मांजराच्या नावाने सह्या केल्या होत्या. आणि डबे पुसणारे दुसरेही असतात. ओल्या वह्या बघवत नाहीत म्हणून कुणीही पदरची वही ठेवून जातं. तेव्हा वहीतल्या एका ओळीवर घर बांधायचं नाही.

वहिनीला सांगायची घाई करायला नको होतीस. झालं ते झालं. आता आणखी काही सांगू नकोस.

बाकीचे डबे राहू दे आता. ऊन तापायला लागलंय, तुझं काम उभ्याचं, पायांना विश्रांती दे.

डॉक्टरकडे नेलंस का? त्याबद्दल तू एक अक्षरही लिहिलेलं नाहीस.

आत्या


१९ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र वाचून मला राग आला, म्हणून आठ दिवस लिहिलं नाही. तुला आनंद झाला नाही का? सगळ्या जगात मुंगसाचं नाव ऐकून उडी मारेल असं एकच माणूस मला माहीत होतं, आणि त्याने मला ऊन लागेल म्हणून घरी बसायला सांगितलं.

डॉक्टरकडे नेलं. पोटात गाठ आहे. मोठ्या गावच्या हॉस्पिटलात ८ एप्रिलला ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात काढली तर आशा आहे, पुढे ढकललं तर मी काही सांगू शकत नाही. तीन आठवडे तिथे राहावं लागेल, मला आणि तिला.

आणि आई येत नव्हती. म्हणायची, मी घर बंद करून गेले आणि तो आला तर? पंधरा महिन्यांनी आला आणि दाराला कुलूप बघून परत गेला तर? मी रडले, ओरडले, डॉक्टरांनाही बोलायला लावलं. ती भिंतीसारखी बसून. शेवटी माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, आई, त्याच्याकडे किल्ली आहे. तू आपल्या तिघांच्या किल्ल्यांना तुझ्या शर्टांच्या कारखान्यातला कॉलर शिवायचा दोरा गुंडाळला होतास ना, तुझी निळी, माझी पिवळी, त्याची लाल? ती घेऊनच तो गेलाय, घरात कुठेही नाही. येईल, कुलूप उघडेल, आत बसेल.

ती मग म्हणाली, हो, किल्ली नेली म्हणजे यायचं मनात होतं. आणि तयार झाली! आता रोज कुलपात तेल सोडते, गंजून त्याची किल्ली फिरली नाही तर म्हणून. टेबलावर चिठ्ठी ठेवायची तीही लिहून झाली. तर त्या वहीतल्या ओळीने आईचा जीव वाचणार आहे, आत्या. तुझ्या मांजरवाल्या बाईला सांग.

आणखी एक. तू नको म्हणालीस तरी मी अकराव्याला जाऊन आले. पंपघरामागची भिंत ठणठणीत उभी आहे. डबाही आहे, तिसऱ्या ओळीतल्या सुट्या विटेमागे. आत कोरी वही, एकही नाव नाही. भिंत पडली हे तुला कुणी सांगितलं?

तुझी,
भिंगरी


२९ मार्च

चि. भिंगरी,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन फाडली. या पाकिटात जड लागतंय ते काय आहे ते आधी बघू नकोस, आधी वाच.

त्या सह्या माझ्या आहेत. ११ जानेवारीला मी पहिल्या बसने आले, डबे पुसले, वह्या बदलल्या आणि दुपारच्या बसने परत गेले. वर्षभर असंच करतेय, दर दोन-तीन महिन्यांनी. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहते आणि परत फिरते. डब्याची वही भिजली की लोक फोनवर तक्रार करतात, आणि मालकाने दखल घेतली नाही तर डबा कायमचा बंद करून टाकतात. त्याचे अकरा डबे एकेक करून नाहीसे होतील हे मला सहन झालं नाही. फोनवर त्याच्या नावाने उत्तरं देते, त्याचा परवलीचा शब्द मला माहीत होता. डबा त्याचा म्हणून वहीतही त्याचंच नाव लिहिलं. पहिल्यांदा भीत भीत लिहिलं. दुसऱ्यांदा बरं वाटलं. खरं तेच सांगते, बरं वाटलं. नाव लिहिलं की तो आत्ताच इथून उठून गेला असं वाटायचं. तू कधी डबे शोधायला निघशील हे तेव्हा माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आता दुसरं. भिंत पडलेली नाही. तो गेल्यावर दीड महिन्याने मी पहिल्यांदा अकराव्यापाशी गेले. तिकडे कुणी फिरकत नाही. वहीत शेवटचं नाव त्याचंच होतं. ते पान मी फाडून आणलं, डब्यात नवी वही ठेवली आणि फोनवरून तो डबा बंद केला. पान सोबत आहे. तारीख १ डिसेंबर, तो गेला तीच. 'घेतलं: काही नाही. ठेवलं: घराची किल्ली.'

लाल दोरा तसाच आहे.

मी ती चौदा महिने माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवली. तो परत यायचा नव्हता, भिंगरी. ते मला त्या भिंतीपाशी उभ्याउभ्या कळलं आणि मी मूग गिळून बसले. तुला सांगायला हवं होतं. तू त्याची बहीण आहेस, मी नुसती आत्या. पण मी सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

तुझं मागचं पत्र आलं नसतं तर आजही सांगितलं नसतं, इतकी मी भित्री. पण वहिनी किल्लीच्या भरवशावर ऑपरेशनला निघालीय हे वाचलं आणि कागद पुढे ओढला. आत्ता तिला काही सांगू नकोस. ऑपरेशन होऊ दे, जखम भरू दे, मग सांग. किल्ली आणि पान तेव्हासाठीच पाठवतेय. माझ्या शब्दावर ती विश्वास ठेवायची नाही, तिला वस्तूच दिसायला हवी. तोवर दुकानात कुलपात ठेव. घरी नेऊ नकोस.

मला माफ कर असं लिहिणार होते. नाही लिहीत.

आत्या


१३ एप्रिल

आत्या,

पत्र मिळालं त्या दिवशी मी एकाच गिऱ्हाइकाच्या दोन्ही काचा उलट्या घासल्या. मालक ओरडला. मला ऐकूच आलं नाही.

तुझ्यावर रागवायला वेळच मिळाला नाही. दुकानात किल्ली ठेवायला धीर झाला नाही, माझ्या खणाची किल्ली तिथे तिघांकडे असते. म्हणून ती एका रिकाम्या चष्म्याच्या घरात घातली आणि पर्सच्या तळाशी ठेवली. पान पर्सच्या अस्तरात घातलं. सगळं चष्म्याच्या घरातच ठेवायची माझी सवय तुला माहीत आहे.

७ तारखेला आईला दाखल केलं. खिडकीजवळची खाट मिळाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला आईने अर्ध्या तासात मुंगसाबद्दल सगळं सांगितलं, तो कसा हुशार, कसा लपतो, घरी किल्ली घेऊन येणार. ८ ला सकाळी नर्सने सहीचा कागद आणून दिला. मी खाली रक्ताच्या तपासणीचा कागद आणायला गेले होते. आईला सही करण्याआधी वाचायचं होतं, म्हणून तिने चष्म्यासाठी माझी पर्स उघडली. पर्समध्ये दोन घरं होती.

मी वर आले तेव्हा ती खाटेवर ताठ बसली होती. मांडीवर किल्ली. बोटाने दोरा चाचपत होती, तिनेच गुंडाळलेला, शेवटची गाठ तिचीच. मला वाटलं, कळलं हिला. आत्या, मला वाटलं आता ती रडेल, आणि मी तिला जवळ घेईन, आणि मग निदान आम्ही दोघी एकाच बाजूला असू.

ती म्हणाली, "ही इथे आहे."

मी म्हटलं, "आई, ऐक."

"ही इथे आहे म्हणजे तो बाहेर उभा आहे. आणि कुलूप तू लावलंस."

मी सगळं सांगितलं. तिथेच, नर्ससमोर, शेजारच्या बाईसमोर. पंपघर, डबा, तू, सह्या, सगळं. ती ऐकत होती आणि पायात चपला घालत होती. म्हणाली, तुझ्या आत्याने त्याची किल्ली पळवली, पोराला दाराबाहेर ठेवलं, आणि तू तिला सामील झालीस. डॉक्टर आले. समजावून सांगितलं, आवाज चढवला. ऑपरेशनची खोली तयार होती. तिने सही केली नाही. हाताला लावलेली नळी स्वतःच्या हाताने काढली, आणि एवढं रक्त आलं तर पदराने दाबून धरलं.

आम्ही दुपारच्या गाडीने परत आलो. गल्लीच्या तोंडापासून ती पळत गेली. पोट धरून, आत्या. दारात कुणीच नव्हतं. ती म्हणाली, वाट बघून गेला.

भिंगरी


१९ एप्रिल

भिंगरी,

मी येते. मीच तिला सांगते. तिच्या पायांवर डोकं ठेवते, ती मारेल तर मारू दे. त्याची जुनी अक्षरं माझ्याकडे आहेत, माझी आणि त्याची शेजारी ठेवून दाखवते. डॉक्टरांकडून दुसरी तारीख घे. कितीही लांबची असली तरी घे.

एवढंच कळव, ती मला दारात तरी उभी करेल का?

आत्या


३ मे

ती. आत्यास नमस्कार.

दुसरी तारीख मिळाली नाही. म्हणजे मागितली, आणि डॉक्टरांनी परत तपासलं. गाठ पसरलीय, आता उघडून उपयोग नाही, म्हणाले. दुखण्यावर गोळ्या दिल्यात. किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं होतं.

पान मी तिला दाखवलं. तू म्हणालीस तिला वस्तू दिसायला हवी, म्हणून. माझ्या दुकानातलं मोठं भिंग आणून दिलं. तिने सकाळभर ते पान वाचलं, दोनच ओळींचं पान. मग म्हणाली, अक्षर त्याचंच आहे. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, बघ, काही घेतलं नाही म्हणतो. रिकाम्या हाताने गेलाय पोर, किती दिवस राहील?

मी पान घडी करून ठेवून दिलं.

तू डब्यांचं विचारलं नाहीस, पण सांगते. परवा मी बाकाखालच्या चौथ्यापाशी गेले होते. वही भिजलीय. मी नवी ठेवली नाही. बाकीच्यांकडेही जाणार नाही, आणि तूही आता त्याच्या नावाने फोनवर उत्तरं देऊ नकोस. बंद होऊ देत. फोनवर मी माझ्या नावाने 'सापडला नाही' असं लिहिलं, अकराच्या अकरा डब्यांना, तू बंद केलेल्यालाही. नऊ मला सापडले होते, पण तेच लिहावंसं वाटलं.

आई आता बाहेरच्या खोलीत असते. पलंग तिने दारासमोर घ्यायला लावला. गोळी घेतली की दोन-दोन तास झोपते. जेवण थोडं जातं. तुझं नाव मी काढलं तर रागवत नाही, ओळख नसल्यासारखं बघते. ये तू. लवकर ये. मला एकटीला हे होत नाही.

दारात उभी करेल का म्हणून विचारलं होतंस. दार उघडंच असतं, दिवसरात्र, ती लावू देत नाही. फक्त येशील तेव्हा कडी वाजवू नकोस, हाकही मारू नकोस, चपला हातात घेऊन सरळ आत ये. जरा वाजलं की ती उठून बसते.

तुझी,
भिंगरी